अकरा नंबरची नळी

मावशीच्या पायांचा इतिहास ऐकला नाही असा माणूस त्या फुटबॉल अकादमीत शोधूनही सापडला नसता. ती तिथल्या कपड्यांच्या खोलीची मालकीण. म्हणजे नोकर पगारीच, पण त्या खोलीत साहेबसुद्धा विचारून पाऊल टाकत. सोळा मुलींच्या जर्सी धुवायच्या, वाळवायच्या, नंबराप्रमाणे खुंटीला लावायच्या, आणि हे करता करता जो कोणी दारात उभा राहील त्याला सांगायचं की शाळेत शंभर मीटरमध्ये आपल्याला कुणी कधी मागे टाकलं नाही. ओळीने तीन वर्षं पहिला नंबर. मास्तर तिला ‘सुसाट’ म्हणत. मग लग्न झालं, लेक झाली आणि सुसाट गाडी इस्त्रीच्या टेबलाशी येऊन थांबली. हे शेवटचं वाक्य ती हसत हसत म्हणायची, पण ऐकणाऱ्याने मात्र हसायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लेक चौदा वर्षांची, त्याच अकादमीत, जर्सी नंबर अकरा. डाव्या विंगला खेळायची. चेंडू पुढे ढकलला की अडवायला आलेली मुलगी नुसती वळेपर्यंत ही निघून गेलेली असायची. ‘खाण तशी माती’ असं कुणी म्हणालं की म्हणणाऱ्याचे कपडे त्या आठवड्यात जरा जास्तच पांढरे निघत.

या मातीत बापाचाही वाटा असणार, हे उघड होतं. पण तो विषय निघाला की मावशी नाक मुरडायची. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. सकाळी डोळ्याला भिंग लावून बसला की संध्याकाळीच उठायचा. त्याचे वडील तसेच, दोन्ही बहिणी तशाच. त्या घराण्यात बस पकडायला कुणी धावल्याचं ऐकिवात नव्हतं. डोळ्यांदेखत बस निघून गेली तरी नवरा थांब्याच्या बाकावर टेकायचा आणि म्हणायचा, ‘दुसरी येईल.’ लग्नाला सोळा वर्षं झाली, तरी हे दोन शब्द ऐकले की मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या वर्षी अकादमीत नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण मैदानापेक्षा लॅपटॉपवर त्यांचा जीव जास्त. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की पुढच्या हंगामात सोळांपैकी आठच मुली ठेवायच्या. आणि निवड डोळ्यांच्या अंदाजाने नाही, शास्त्राने करायची. एका सोमवारी डॉक्टरबाई आल्या. पालकांना व्हरांड्यात बसवून त्यांनी समजावून सांगितलं की गालाच्या आतून कापूस फिरवायचा, त्यावरून काही जनुकं तपासता येतात. त्यातलं एक वेगाचं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही दणकट असल्या तर स्नायू झटक्यात ताकद लावायला बरे, दोन्ही कमजोर असल्या तर माणूस सहसा लांब पल्ल्याला बरा.

“पण एक लक्षात ठेवा,” त्या म्हणाल्या, “ही मूठभर धान्यातल्या एका दाण्याएवढी गोष्ट आहे. एवढ्यावरून कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, हे ठरवू नका.”

साहेबांनी मान डोलावली. मान डोलावायला काय जातं.

त्या दिवशी लेक शाळेच्या परीक्षेला गेली होती. डॉक्टरबाईंनी तिची पुडी मावशीकडेच दिली. एक कापसाची काडी, एक नळी, नळीवर अकराचा स्टिकर. उद्या सकाळी उठल्याउठल्या, काही खाण्यापिण्याआधी, तीस आकडे मोजेपर्यंत काडी गालात फिरवायची, नळीत घालून झाकण लावायचं आणि इकडे आणून द्यायची. एवढंच काम.

एवढंच काम मावशीला जमलं नाही.

सकाळी ती पुडी हातात घेऊन उभी राहिली. लेक पांघरुणात तोंड खुपसून झोपलेली. नवरा खिडकीपाशी बसून चहाची बशी फुंकत होता. एक घोट घ्यायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मावशीने शाळेत दोन फेऱ्या मारल्या असत्या. ती त्याच्याकडे बघत राहिली. एक प्रत आईची, एक बापाची. म्हणजे अर्धी लेक या माणसाची. मैदानावर ते दिसत नाही, तिथे ती सगळी आपली दिसते. पण तो कापूस आतलं खणून काढणार. त्यात ह्यांचं ‘दुसरी येईल’ सापडलं तर?

आणि तिला वाटलं, भेसळीचं दूध तपासायला द्यायचंच कशाला?

ती मोरीत गेली, कडी लावली आणि काडी स्वतःच्या गालात घातली. तीस नाही, साठ आकडे मोजले. खोटं कुठे आहे, तिने स्वतःला समजावलं. रक्त तर माझंच आहे ना तिच्यात. झाकण घट्ट लावलं, नळी पिशवीत टाकली आणि मग लेकीला उठवलं. “अगं, पुडी दिलीय ना डॉक्टरांनी?” लेकीने डोळे चोळत विचारलं. “झालं ते. झोपेत घेतलं तुझं,” मावशी म्हणाली. लेक हसली. आईवर विश्वास टाकायला तिला विचार करावा लागत नसे.

पाच आठवड्यांनी कागद आले. साहेबांनी एकेका आई-बापाला बोलावून दाखवले. नंबर अकरासमोर दोन्ही रकान्यांत एकच अक्षर होतं. साहेब म्हणाले, “दोन्ही प्रती कमजोर. मुलगी चांगली आहे, पण वेग हा तिचा पिंड नाही.”

मावशीला वाटलं, कुणीतरी भर मैदानात आपलं लुगडं ओढलं. वेग कुणाचा पिंड नाही, हे त्या खोलीत फक्त तिलाच कळलं होतं. तीन वर्षांचा पहिला नंबर, ‘सुसाट’ हे नाव, इस्त्रीच्या टेबलाशी सांगितलेल्या साऱ्या गोष्टी त्या एका कागदाने खोट्या पाडल्या, असंच तिला वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे. तिने कागदावर सही केली आणि वाळत घातलेले मोजे काढायला निघून गेली.

प्रशिक्षकबाई मात्र साहेबांशी भांडल्या. कपड्यांच्या खोलीची भिंत पातळ होती, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“तीस मीटर चार पॉइंट सात सेकंदांत धावते ती. सोळाजणींत पहिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, साहेब?”

“आज पहिली आहे. दोन वर्षांनी बाकीच्या वाढतील आणि ही तिथेच राहील. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिला मधल्या फळीत घ्या, लांब पल्ल्याचा सराव द्या.”

मावशीने हातातला मोजा पिळला. तो कोरडा होता. उठून चार पावलं चालायची होती, दार ढकलून एक वाक्य बोलायचं होतं. पण ते वाक्य बोललं तर नोकरी जाणार, लेकीवर लबाडीचा शिक्का बसणार, आणि शिवाय, हे तिने स्वतःशीही कबूल केलं नसतं, सगळ्यांना कळणार की तो कागद मावशीचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने मोजे जोडीने लावले.

मग तीन महिने तिने खिडकीतून जे पाहिलं ते वैऱ्यालाही पाहायला लागू नये.

लेकीला विंगवरून काढलं. रोज मैदानाच्या लांबलचक संथ फेऱ्या, झटक्यात धावायचा सराव बंद. पहिल्या आठवड्यात ती चिडली, दुसऱ्यात रडली. तिसऱ्यात तिने प्रशिक्षकबाईंना विचारलं की मी आत्ता धावते ते मग काय आहे. त्यांनी साहेबांच्या खिडकीकडे पाहिलं आणि पुढच्या फेरीची शिट्टी वाजवली. त्यानंतर ती विचारायची थांबली. चेंडू पुढे गेला की पूर्वी तिचे पाय तिच्याआधी निघायचे. आता ती आधी एक क्षण थांबायची, आपल्याला जमेल का याचा हिशेब केल्यासारखी, आणि तेवढ्यात चेंडू दुसरी घेऊन जायची. “माझा पिंड नाही तो,” ती मैत्रिणींना सांगायची, आणि तेही पुढारी बोलतात तसं, ठरवून, हसून.

डॉक्टरबाई पुन्हा आल्या तेव्हा मावशीने त्यांना दोरीवरच्या चादरीआड गाठलं.

“बाई, समजा आईच्या दोन्ही प्रती कमजोर. मग मुलीच्याही तशाच असणार?”

“नाही हो. आईची एक कमजोर प्रत नक्की येणार. दुसरी वडिलांची. ती दणकट असू शकते.”

“म्हणजे वेग बापाकडून?”

“त्या जनुकापुरतं बोलायचं तर, हो.” डॉक्टरबाई हसल्या. “आणि दोन्ही कमजोर असूनही शर्यती मारणारे पुष्कळ आहेत. मी तेव्हाच सांगितलं होतं, मूठभरातला एक दाणा.”

हे दुसरं उत्तर मावशीने नीट ऐकलं असतं तर तिला तिचे तिन्ही पहिले नंबर परत मिळाले असते. पण ती पहिल्यातच अडकून पडली होती. भिंग लावून बसलेला माणूस तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

निवडीची यादी लागायची त्या सकाळी तिला शेवटी राहवलं नाही. ती साहेबांच्या खोलीत गेली, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. मोरी, कडी, साठ आकडे. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

“हे बघा. कागद आले तेव्हा चार पॉइंट सात. मग चार पॉइंट नऊ. परवा पाच पॉइंट एक.” त्यांनी पडद्यावरची चढत गेलेली रेघ बोटाने दाखवली. “कागद तुमचा असेल, मावशी. पण घड्याळ तर तिचं आहे. दोन्ही एकच सांगतायत.”

“साहेब, तुम्ही सांगितलंत म्हणून ती हळू झाली.”

“ते कसं सिद्ध करणार?” त्यांचा आवाज खरोखर मऊ होता. “आणि हे बाहेर गेलं तर सोळाच्या सोळा कागदांवर लोक शंका घेतील. तुम्ही बोलला नाहीत, मी ऐकलं नाही. नोकरी सांभाळा.”

यादी दुपारी लागली. आठ नंबर होते. अकरा त्यात नव्हता. प्रशिक्षकबाई यादीपाशी आल्याच नाहीत. मावशीने अकरा नंबरची जर्सी खुंटीवरून काढली, घडी घातली आणि कपाटात ठेवली, आता ती दुसऱ्या कुणाला होईल.

संध्याकाळी मायलेकी बसथांब्याकडे निघाल्या. लेकीच्या खांद्यावर बुटांची पिशवी. रस्त्यात मावशीने तिला सांगितलं. साहेबांना सांगितलं त्यापेक्षा जास्त सांगितलं, मोरीच्या कडीआधी मनात काय आलं तेही. लेक दुकानांच्या पाट्या वाचत चालत होती.

“म्हणजे माझी तपासणी झालीच नाही,” ती शेवटी म्हणाली.

“नाही, बाळा.”

“मी झोपले होते आणि तू माझ्याकडे बघून ठरवलंस, ही कमी पडेल.”

“तुझ्याकडे बघून नाही गं. बाबांकडे बघून.”

“साहेबांनी कागद वाचून ठरवलं, आई. तू तर कागद यायच्या आधीच.”

तेवढ्यात मागून बस आली, त्यांना ओलांडून थांब्यावर थांबली. थांबा अजून शंभरेक पावलं लांब होता. मावशीने विचार केला नाही. पदर खोचला आणि सुटली. त्रेचाळीस वर्षांचे, कागदावर दोन्ही रकान्यांत नापास झालेले पाय, पण रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन बघत राहिली. दार मिटता मिटता तिने दांडी धरली.

“काय धावता हो मावशी या वयात,” बसचालक हसून म्हणाला. “चला, चढा.”

“एक मिनिट. माझी लेक येतेय.”

तिने मागे वळून पाहिलं. लेक येत होती. चालत. चाल जराही न वाढवता, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत. मावशीने ‘पळ’ म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द आता कोणत्या तोंडाने म्हणायचा ते तिला कळेना. बसमधली माणसं कुरकुरू लागली. चालकाने हॉर्न वाजवला, थोडा थांबला, पुन्हा वाजवला. मग मावशीने दांडी सोडली आणि बस निघून गेली.

लेक थांब्यावर आली. बाकावर टेकली, अगदी बापासारखी, पाय लांब करून. आईकडे न बघता म्हणाली,

“दुसरी येईल.”