‘घरचे’ नावाचा रकाना

रविवार, दिनांक २१ ऑगस्ट २०२२, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. पाठीवरून दहा वेळा कंगवा फिरविला असता निघालेले केस : तीनशे बारा.

एवढी नोंद करून हिरालाल यांनी पेनाला टोपण लावले आणि पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर पसरलेले केस पुन्हा एकदा भिंगातून पाहिले. मोजण्यात चूक नव्हती. चिमट्याने दहा-दहांचे पुंजके करून त्यांनी ते दोनदा मोजले होते.

ज्याचे हे केस होते तो शेजारीच पायरीवर हनुवटी टेकून बसला होता. त्याचे मूळ नाव टॉफी. नागपूरला बँकेत नोकरी करणाऱ्या हर्षाने, म्हणजे हिरालाल यांच्या मुलीने, ते हौसेने ठेवले होते. पण तिच्या घरमालकाला कुत्रा चालेना, म्हणून मागच्या नोव्हेंबरात ती त्याला ‘एक-दोन महिन्यांसाठी’ भंडाऱ्याला आणून सोडून गेली. तिच्या आईच्या, लीलाबाईंच्या, जिभेवर टॉफीचा तोफ्या झाला. चौतीस वर्षे जवाहरनगरच्या आयुध निर्माणीचे अन्न खाल्लेल्या घराला ते नाव शोभूनही दिसले.

कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या मधुकररावांचे डोके वर आले. तेही त्याच कारखान्यातले निवृत्त.

“काय हिरालालजी, केसांची तपासणी करून राहिले का? लॉट पास झाला की रिजेक्ट?”

“रिजेक्ट,” हिरालाल म्हणाले. त्यांना हसू आले नाही.

पॉलिटेक्निकमधून पदविका घेऊन ते थेट तपासणी विभागात लागले होते. आलेला माल मोजायचा, मापायचा, नोंदवायचा आणि मगच मत द्यायचे, ही पद्धत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की भाजीवालीकडची वांगीसुद्धा ते नमुना काढून घेत. निवृत्तीनंतरची पहिली चार वर्षे मात्र त्यांना फार जड गेली. पहाटे पाचला डोळे उघडत आणि जायला कोठेच नसे. तोफ्या आला आणि जायला जागा मिळाली : वैनगंगेच्या काठापर्यंत आणि परत. वाटेत लोक थांबून कुत्र्याची विचारपूस करीत, आणि मग ओघाने हिरालाल यांचीही.

ऑगस्ट लागला तसा तोफ्याचा तांबूस रंग फिका पडला आणि केस गळू लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी उलटसुलट करून पाहिले. ना गोचीड, ना खरूज. “खाण्याकडे लक्ष द्या,” एवढेच ते म्हणाले. हर्षाने फोनवर तेच जरा जोरात सांगितले.

“बाबा, तुम्ही त्याले नुसत्या भातावर ठेवून राहिले. मी चांगल्या खाद्याची पिशवी पाठवते. वीस नोव्हेंबरले मले फ्लॅटचा ताबा भेटते. तोवर सुधारला तर ठीक, नाही तर मी त्याले इकडे घेऊन येते.”

“अगं, पण त्याले इथं करमते...”

“करमून काय करता बाबा? अर्धा टकला झाला तो.”

हिरालाल यांनी वहीत वीस नोव्हेंबर ही तारीख लिहिली आणि तिच्याभोवती चौकट आखली.

पिशवी दुसऱ्याच दिवशी घरपोच आली. दहा किलो; किंमत सहा हजार दोनशे. लीलाबाईंनी कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारली.

“याच्यात सोनं मिसळलं आहे काय जी?”

“प्रथिने सव्वीस टक्के,” हिरालाल भिंगातून वाचू लागले, “कोंबडीचे मांस, मका, माशांचे तेल, जस्त...”

“एवढ्यात आपल्या दोघांचा महिन्याचा किराणा येते, अन् वरून दोन पाहुणे जेवतेत. अन् हा गडी दिवसाले किती खाईन?”

“दोनशे ऐंशी ग्रॅम. पस्तीस दिवस पुरेल.”

“मंग छत्तिसाव्या दिवशी काय पिशवी चाटीन?”

महाग आहे म्हणून वाईट, किंवा महाग आहे म्हणून चांगले, ही दोन्ही मते हिरालाल यांना सारखीच कच्ची वाटत. त्यांनी दोन रकाने आखले. एकाला ‘पिशवी’ आणि दुसऱ्याला ‘घरचे अन्न’ असे शीर्षक दिले. आधी चार आठवडे पिशवी, मग दोन आठवडे घरचे, आणि दर रविवारी सकाळी सहा-वीसला दहा कंगवे. बाकी काही बदलायचे नाही. तेवढेच चालणे, तेच पाणी, तोच कंगवा.

आकडे बोलू लागले. अठरा सप्टेंबरला पिशवीचे चार आठवडे संपले तेव्हा केस निघाले एकशे एकेचाळीस. पाठीवर हात फिरविला तर मऊ लागे. मग थोडी पिशवी शिल्लक असतानाच त्यांनी तिचे तोंड बांधले आणि घरचे अन्न सुरू केले. दोन ऑक्टोबरला आकडा पुन्हा दोनशे सव्वीसवर चढला.

त्या दिवशी जेवताना त्यांनी निष्कर्ष सांगितला. तपासणी अहवालाच्या स्वरातच सांगितला, कारण दुसरा स्वर त्यांना येत नसे. “घरच्या अन्नाने केस गळतात. पिशवी सरस ठरते.”

लीलाबाईंचा वाढता हात थांबला. त्यांनी वरणाचे भांडे खाली ठेवले.

“म्हणजे माह्या हातच्या अन्नानं झालं.”

“मी तसं म्हटलं नाही. आकडे म्हणतात.”

“तुमच्या आकड्यायले एक विचारा. नोव्हेंबरपासून तो माह्याच हातचं खाऊन राहिला. तवा काहून नाही गळले केस? थंडीत गळले नाही, उन्हाळ्यात गळले नाही, आताच गळाले त्यायले काय मुहूर्त लागला?”

एवढे बोलून त्या उठल्या, आणि तोफ्याच्या भांड्यात भात-वरण कालवताना नेहमीसारख्या त्याच्याशी काही बोलल्या नाहीत. हिरालाल यांनी ताट बाजूला सारून वही ओढली. बायको रुसली हे तर होतेच, पण तिचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होता. कारखान्यात वर्षानुवर्षे बरा येणारा माल अचानक बिघडला, तर पहिला प्रश्न हाच विचारीत : मधे काय बदलले? तो त्यांनी विचारलाच नव्हता. वीस नोव्हेंबरला मुलगी येईल तेव्हा हा अर्धा अहवाल तिच्या हाती द्यायचा, कुत्रा गमवायचा, आणि वर बायकोचा हात दोषी ठरवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकाशी उभे असताना गल्लीच्या टोकाला रुखमिणीची आरोळी ऐकू आली. डोक्यावर टोपली घेऊन ती नदीतल्या ताज्या मासोळ्या दारोदार विकत असे. तोफ्या ताडकन उठला, फाटकाच्या गजांत नाक घालून कुंईकुंई करू लागला आणि शेपटीने हिरालाल यांची पिंढरी झोडपू लागला. रुखमिणी मात्र फाटकावरून तशीच पुढे निघाली.

“काय वो रुखमिणीबाई, आमचं घर विसरल्या काय?”

“विसरीन कायले जी? तुमच्या घरी वर्षावास चालू आहे ना. बाईनं आषाढातच सांगून ठेवलं, अश्विन पौर्णिमेपर्यंत दाराशी आवाज देऊ नोको म्हणून.” ती तोफ्याकडे पाहून चुकचुकली. “याचंच वाईट वाटते. पावशेर मुंडकी मी याच्यासाठीच बाजूले काढत होती. बाई भातात उकडून घाले ना याले. आता तीन महिने झाले, बिचारा वासावरच आहे.”

हिरालाल यांनी मनातल्या मनात महिने मोजले.

आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा : बौद्धांचे पावसाळ्यातले व्रत. लग्न झाल्यापासून या तीन महिन्यांत त्यांच्या घरात मासोळी, मटण, अंडे काहीही शिजत नसे. लीलाबाई संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जात, आणि स्वयंपाकघर आपोआप शाकाहारी होई. हे इतके अंगवळणी पडले होते की पाऊस पडतो याची जशी कोणी नोंद करीत नाही, तशी हिरालाल यांनीही ती केली नव्हती. तोफ्याचा मात्र या घरातला हा पहिलाच वर्षावास होता. जुलैआधीचे घरचे अन्न म्हणजे मासोळीची मुंडकी घालून उकडलेला भात. जुलैनंतरचे घरचे अन्न म्हणजे भात आणि वरण. दोन वेगळे माल एकाच नावाने एकाच रकान्यात चढले होते. चौतीस वर्षांत अशी चूक करणाऱ्या कनिष्ठाला त्यांनी फैलावर घेतले असते.

ते तडक स्वयंपाकघरात गेले.

“लीला, चूक माझी आहे. तुझ्या हाताची नाही.”

“काय झालं आता?”

“तोफ्यानं वर्षावास धरला आहे.”

त्यांनी सगळे समजावून सांगितले. लीलाबाई आधी डोळे विस्फारून ऐकत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

“अरे माह्या लेकरा! शील घेतलं मी, अन् पाळून राहिला तू. कोनं विचारलं रे तुले?” त्यांनी तोफ्याचे डोके दोन्ही हातांत धरले. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “सहा दिवस राहिले. मी पातेलं वेगळं काढून त्याच्यापुरती मासोळी शिजवू काय?”

हे विचारताना त्यांना किती जड जात होते, ते हिरालाल यांना दिसले.

“नको. पिशवीत शिल्लक आहे. सहा दिवस ती खाईल. तुझं व्रत पुरं होऊ दे.”

नऊ ऑक्टोबरला अश्विन पौर्णिमा झाली. दहाला सकाळी रुखमिणीची टोपली त्यांच्या ओट्यावर उतरली, आणि हिरालाल यांनी वहीत तिसरा रकाना आखला. त्याचे शीर्षक त्यांनी पूर्ण लिहिले : ‘घरचे अन्न, मासोळीसह’. पुढचे सहा रविवार त्यांनी एकही मोजणी चुकविली नाही. मधुकरराव आता भिंतीवरून रोजच निकाल विचारीत.

वीस नोव्हेंबरला दुपारी हर्षा आली. बरोबर नवा पट्टा आणि प्रवासाचा पिंजरा. फाटक उघडताच तोफ्याने तिच्या खांद्यांवर पुढचे पाय ठेवले, आणि तिचा हात त्याच्या पाठीवर गेला तो तिथेच राहिला. पाठ तांबूस, तुकतुकीत, भरलेली.

“बाबा, किती पिशव्या संपवल्या?”

“एक. ती पूर्णही नाही.” त्यांनी वही पुढे केली.

हर्षा पायरीवर बसून तिन्ही रकाने वाचू लागली. भात-वरणाचे वाढलेले आकडे त्यांनी लपविले नव्हते. त्या सकाळचे केस होते अठ्ठ्याऐंशी. खाली वर्षावासाची नोंद लाल शाईत, स्वतःच्या चुकीसह होती. ती वाचून ती मोठ्याने हसली, पण लगेच तिने बोट ठेवले.

“हे समजलं. पण पुढच्या आषाढात? पुन्हा तीन महिने केस गळतीन. आई काही व्रत सोडणार नाही, अन् तिनं सोडावं असं मीही म्हणणार नाही. मंग माह्याकडे राहिला तर काय वाईट?”

लीलाबाई दारात उभ्या होत्या. त्या पिंजऱ्याकडे पाहत राहिल्या.

हिरालाल यांनी घसा साफ केला. “पिशवी चांगली आहे, हर्षा. ते मी मान्य करतो. बारा महिने घेतली तर मात्र महाग आहे, कारण नऊ महिने तुझी आई तेच काम मासोळीच्या मुंडक्यांवर करते. पण वर्षावासात आपल्या घरी जे नसते, ते नेमके त्या पिशवीत आहे. त्या तीन महिन्यांपुरती तिची किंमत वसूल होते. तेवढी पाठवत जा, आणि...” पुढचे शब्द अहवालात बसणारे नव्हते. “आणि त्याले राहू दे. मले सकाळी कुठं जायचं असते.”

हर्षाने पिंजरा उचलला, गाडीच्या डिकीत परत ठेवला आणि झाकण लावले.

“आई, चहा ठेव. अन् बाबा, वर्षावासाच्या पिशव्या मी पाठवीन. हिशेब करून सांगा, किती लागतीन?”

हिरालाल यांनी पेनाचे टोपण काढले. नव्वद दिवस, दररोज दोनशे ऐंशी ग्रॅम. पंचवीस किलो दोनशे ग्रॅम.

“वर्षाला अडीच.”