दुबेजींच्या मिनीबसला झालेली बाधा

"महाराज, गाड़ी को पता कैसे चलता है?"

प्रश्न तोंडातून निघून गेल्यावर चारुलताला कळलं, की आपण तो खरंच विचारला. मागे प्राजक्ता आणि जयू एकमेकींच्या दंडात नखं रुतवून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. "एवढी शहाणी आहेस, तर विचार ना सगळ्यांसमोर! टावर चौकात दोन कचोऱ्या माझ्याकडून," असं जयू म्हणाली होती, आणि ही विचारणार नाही अशी तिची खात्री होती. पण दहावीत गेल्यापासून चारूचं काहीतरी झालं होतं. वर्गात हात वर करायची तिला इतकी सवय लागली होती, की आता तो खाली ठेवणंच जड जाई.

रविवारची सकाळ. राम घाटाच्या वरच्या रस्त्यावर गाड्यांची ही रांग लागलेली! बाजारात नवनव्या गाड्या यायला लागल्यापासून उज्जैनमध्ये एक नवा बुवाही आला होता. नाव वाहनेश्वर महाराज. मुली आपापसात त्याला भोंपू महाराज म्हणत. रिक्षा, टेंपो, जीप, कोऱ्या करकरीत मोटारी, सगळ्या त्याच्यापुढे नाक करून उभ्या. प्रत्येकीच्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात झेंडू. आणि महाराज हातातला तांब्या हलवत गर्जत होता :

"डीज़ल से चले देह, मंत्र से चले प्राण! इंजन में वास, बैटरी में साँस, हॉर्न में आत्मा! बोलो वाहनदेव की..."

"जय!" गर्दी ओरडली. चारूच्या आईनंही हात जोडले. बाबा, म्हणजे गोपाळराव, टेलिफोन खात्यात नोकरीला. त्यांनी हात जोडले नाहीत, पण खाली मान घातली. चारूला त्या मानेचाच जास्त राग आला.

कारण बाधा झाली होती ती तिच्या शाळेच्या मिनीबसला.

गोष्ट जुलैतली. मुसळधार पावसाच्या एका सोमवारी फ्रीगंजच्या वळणावर प्राजक्ता बसच्या पायरीवर चढली आणि हॉर्न आपोआप किंचाळायला लागला. दुबेजींचा, म्हणजे बसमालक आणि ड्रायव्हर दोन्ही असलेल्या त्या गृहस्थांचा, हात हॉर्नच्या आसपासही नव्हता. दारात उभ्या राहणाऱ्या दुर्गा मौसीनं प्राजक्ताला खालीवर न्याहाळलं आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "क्यों री, महीने से है क्या?"

प्राजक्ता बिचारी खरं बोलणारी. तिनं मान हलवली. तिला खाली उतरवलं. तेवढ्यात दुबेजींनी पायरीखालच्या, हॉर्नच्या तारा जोडलेल्या डब्यातली तार उपटली आणि हॉर्न थांबला. तार उपटली म्हणून थांबला, हे चोवीस मुलींना दिसलं. पण मौसीला दिसलं ते एवढंच, की मुलगी उतरली आणि हॉर्न थांबला!

दुबेजी बस घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी डबा दोन दिवस उघडा ठेवून उन्हात तापवला, "प्रेत को हवा लगने दो" म्हणाले, आणि तार पुन्हा जोडली तरी हॉर्न गप्प राहिला. मग डब्यातल्या तारांना लाल दोरा गुंडाळला, त्याचं टोक झाकणाखालून बाहेर सोडलं, त्यामुळे झाकणाला फट राहिली, आणि डब्याच्या बुडाशी असलेलं बारीक भोक शेंदूर कालवलेल्या मेणानं बुजवलं. प्रेताची वाट बंद. दर रविवारी पूजेला या, असं बजावलं. आणि वर आज्ञा : "अशुद्ध कन्या गाड़ी पर पाँव न रखे."

झालं. रोज सकाळी मौसी पायरीवर उभी राहून एकेकीला विचारी. रस्त्यावर. भाजीवाल्यासमोर, रिक्षावाल्यांसमोर, समोरच्या एसटीडी बूथमधल्या त्या दात काढणाऱ्या माणसासमोर. पाचवीतल्या पोरींनासुद्धा! जी 'हो' म्हणेल ती घरी परत, चार दिवस. जी खोटं बोलेल ती हॉर्नकडे कान लावून बसे. आणि हॉर्न वाजलाच तर शोध सुरू होई. चोवीस मुली. त्यातल्या मोठ्या वीसेक. कुठल्याही दिवशी त्यांच्यातल्या दोन-तीन तरी तशा असणारच. हे गणित सातवीतल्या मुलीलाही जमावं. पण मोठ्यांना ते जमत नव्हतं, किंवा जमवायचं नव्हतं. शोधलं की कुणीतरी सापडेच, आणि महाराजांचा जयजयकार होई.

चारूला या सगळ्याची शिसारी यायची.

"पण तू एक बघितलंस का?" एकदा ती जयूला म्हणाली. "हॉर्न वाजतो तो सोमवारी नाहीतर मंगळवारी. मंगळवारनंतर कधी वाजलाय?"

जयू विचारात पडली. "नाही गं."

"म्हणजे प्रेत दोनच दिवस ड्यूटीवर असतं? बाकीचे दिवस सुट्टीवर?"

"रविवारी पूजा करून येतं ना, दमत असेल," जयू म्हणाली, आणि दोघी खो-खो हसल्या. हसता हसता चारू थांबली. रविवारी पूजा. रविवारी पाणी!

शनिवारी जेवताना तिनं बाबांना सहज विचारलं, "बाबा, रस्त्यावरच्या तुमच्या त्या टेलिफोनच्या डब्यांत पाणी गेलं तर?"

गोपाळराव खुलले. हा त्यांचा विषय. "पाणी जाणारच. कितीही रबर लाव, झाकण घट्ट कर, कुठून तरी ओल शिरतेच. म्हणून डब्याच्या बुडाला भोक ठेवायचं. आलेलं पाणी निघून जातं. आणि तार सरळ आत न्यायची नाही. तिला आधी खाली झोल द्यायचा, म्हणजे थेंब झोलावरून गळून पडतो, आत चालत येत नाही."

"आणि भोक कुणी बुजवलं तर?"

"मग काय, आमटीची वाटी झाली!" त्यांनी वाटी हलवून दाखवली. "जरा हिंदकळलं की पाणी तारांच्या टोकांना लागतं. बेल नाही तिथे बेल वाजते. दोन-तीन दिवसांत पाणी आटलं की गप्प."

"मग दुबेजींच्या बसमध्ये..."

वाटी खाली ठेवली गेली. "चारू, ते धर्माचं आहे. आपण त्यात पडू नये."

आईनं पोळी वाढता वाढता म्हटलं, "आणि मुलींनी तर नाहीच नाही."

आता सोमवारी तिमाही परीक्षा सुरू होत होती. पहिलाच पेपर गणिताचा. शाळा गावाबाहेर देवास रोडला, बाबांची ड्यूटी सकाळी सहाची, बसशिवाय दुसरा मार्ग नाही. गैरहजर राहिलं की शून्य. आणि या शून्यावर अकरावीत गणित-विज्ञान मिळायचं नाही. दुबेजींनी निरोप धाडला होता : रविवारी सगळ्यांनी शुद्धीला घाटावर यायचं, मगच सोमवारी बस. आणि नेमकी याच रविवारी पहाटे चारूची पाळी आली होती. हे ठाऊक होतं फक्त प्राजक्ताला आणि जयूला. तिघी बसमध्ये मागच्या बाकावर बसून घाटावर आल्या होत्या. हॉर्ननं हूं की चूं केलं नव्हतं.

"क्या पूछा, बेटी?" महाराज गोड हसला. त्याचे दात पानानं लाल झालेले.

"आपने कहा ना, अशुद्ध लड़की चढ़े तो गाड़ी रोती है। तो गाड़ी को पता कैसे चलता है? उसकी तो नाक नहीं है।"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. आईनं मागून चारूच्या वेणीला हिसका दिला. "कार्टे, गप्प बैस!"

"बालिका है, अज्ञानी है," महाराज गर्दीला म्हणाला. "जहाँ अशुद्धि, वहाँ विद्युत विचलित! वेद में लिखा है। साइन्स भी मानता है।" आणि चेल्याला खूण केली. चेल्यानं दूध, गुलाल, हळद, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या आणि नदीचं पाणी कालवलेला हंडा उचलला आणि बसच्या दारावर, पायरीवर, त्या डब्यावर भडाभडा ओतला. लाल दोरा चिंब झाला. दिव्याच्या वातीनं तेल ओढावं तसं ते पाणी दोऱ्यावरून झाकणाखाली जाताना चारूनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"अब देवता जागृत है," महाराज म्हणाला. "जो शुद्ध हो, वो चढ़े।"

"मैं चढ़ूँ?" चारू म्हणाली.

"तू शुद्ध है?"

प्राजक्तानं डोळे मिटून घेतले. पण चारूचा आवाज स्वच्छ फुटला. "नहीं। आज मेरा पहला दिन है। और मैं इसी बस में बैठके फ्रीगंज से यहाँ आई। पूरे रास्ते हॉर्न नहीं बजा। दुबेजी से पूछ लीजिए!"

आईनं तोंडावर पदर घेतला. बायकांत एकदम कुजबूज उठली. दुबेजी डोकं खाजवू लागले. "बजा तो नहीं..." ते पुटपुटले.

"तब देवता सोए थे!" महाराज ओरडला.

"ठीक है. अब जाग गए ना? तो पहले दुबेजी चढ़ें।"

दुबेजी म्हणजे शंभर किलोंचा ऐवज. "मैं क्यों? मैं तो आदमी हूँ," असं म्हणत, पण गर्दीच्या रेट्यानं ते पायरीवर चढले. बस त्यांच्या बाजूला कलंडली. डब्यात डुबुक असा आवाज झाला. आणि हॉर्न असा काही भोकाडला, की घाटावरची कबुतरं उडाली!

"अरे दुबेजी," रिक्षावाल्यांतून एक आवाज आला, "आपको कब से?"

मग जो हशा पिकला, तो थांबेचना. महाराज मंत्र म्हणत होता, पण हॉर्नपुढे मंत्र ऐकू येतोय कुठे? चारूनं वेणीतली पिन काढली, पायरीखाली वाकली आणि डब्याच्या बुडाचं शेंदरी मेण उचकटून काढलं.

धार लागली. तपकिरी, चिकट, कुजक्या झेंडूच्या पाकळ्या आणि तांदळाचे दाणे वाहून आणणारी. वास असा, की पुढच्या रांगेनं नाकाला रुमाल लावला. जुलैपासूनच्या रविवारांचं आटून नासलेलं तीर्थ होतं ते, आजच्या पाण्यात कालवलेलं. डबा रिकामा झाला. शेवटची ओल दुबेजींनी आपल्या पंच्यानं टिपली तसा हॉर्न एक गचका देऊन बंद पडला.

चेल्यानं तिचा हात धरायला झेप घेतली. "लड़की को हाथ मत लगाना!" हा आवाज गोपाळरावांचा होता. ते पुढे आले होते. घामाघूम झालेले, पण आले होते. "हॉर्नची तार बॉडीला टेकली की हॉर्न वाजतो," ते आधी मराठीत आणि मग हिंदीत म्हणाले. "बटन दबाने से वही होता है। यहाँ बटन का काम ये गंदा पानी कर रहा था। डोरे से पानी अंदर, और निकलने का छेद मोम से बंद! जिसने छेद बंद किया, उसे मालूम था छेद कहाँ है।"

मग तो 'आपको कब से'वाला रिक्षावाला आपल्या रिक्षाखाली वाकला. तिथंही डब्याला शेंदरी मेण. त्यानं नखानं टोकरलं. तिथंही धार. मग टेंपोवाला. मग जीपवाला. रांगेभर माणसं गुडघ्यांवर बसून आपापल्या गाडीचं बूड चाचपू लागली आणि रस्त्यावर जागोजाग ते घाणेरडं पाणी वाहू लागलं. एकानं महाराजाकडे मान वळवून पाहिलं, तेव्हा महाराज तांब्या तिथंच टाकून गल्लीत शिरत होता. काहीजण मागे धावले.

दुर्गा मौसी मात्र हलली नाही. "पर बेटी, वो प्राजक्ता चढ़ी थी तभी बजा था ना?"

"मौसी, रोज चोवीस जणी चढतात. हॉर्न कधी वाजला तेवढं तुम्ही लक्षात ठेवलंत. कितीदा नाही वाजला, ते मोजलं का कुणी?" चारूच्या तोंडून आता हिंदी सुटून मराठीच येत होती. "भर रस्त्यात आम्हाला विचारलंत. तीन महिने. एकानंही वाकून डबा उघडून बघितला नाही! आमच्या अंगाकडे बघणं सोपं वाटलं. यापुढे काही अजब दिसलं ना, तर आधी वाका, बघा, मोजा. मग जय म्हणा."

मौसी पायरीकडे बघत राहिली. प्राजक्ता पुढे झाली आणि तिला बाजूला न सारता, तिच्याकडे न बघता, बसमध्ये चढून पहिल्या बाकावर बसली. हॉर्न वाजला नाही.

चारू, आई आणि बाबा तिघं चालत घरी निघाले. फ्रीगंजच्या पुलावर आई हळूच म्हणाली, "जे झालं ते झालं. घरी गेल्यावर आधी न्हाऊन घे आणि मागच्या खोलीत बस. ताट तिकडेच देते."

चारू थांबली. बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"आई, बाबा, उद्या मी दुबेजींच्याच बसनं पेपरला जाणार. आणि आज मी मागच्या खोलीत बसणार नाही. आजच नाही, कधीच नाही. स्वयंपाकघरात येणार, माझं ताट मी वाढून घेणार आणि लोणच्याच्या बरणीतही हात घालणार. लोणचं नासलं, तर आधी बरणीचं झाकण तपासायचं."