गाजरवाला दिग्दर्शक

होमर टिडवेल हा नाटकमंडळ्यांतून नाचून गुडघे झिजवलेला नट. बोलपट आले, मंडळ्या बुडाल्या, तसा तोही हॉलिवूडला येऊन वीस-वीस मिनिटांच्या गाण्याबजावण्याच्या विनोदी चित्रपटांत पडेल ती कामं करू लागला. या खेपेला त्याला चक्क मुख्य भूमिका मिळाली होती: सिनेमातल्या सिनेमाचा दिग्दर्शक. कागदावर एवढंच लिहिलेलं, 'दिग्दर्शक ओरडतो.'

आता ओरडायचं कसं, हे शिकायला होमरला लांब जावं लागलं नाही. खरा दिग्दर्शक गस लिंडक्विस्ट समोरच उभा होता. संतापला की तो टोपी उलटी फिरवायचा, "मी चिडलेलो नाही," असं हळू आवाजात सांगायचा आणि मग छप्पर उडेल असा ओरडायचा. होमरने पहिल्याच दिवशी टोपी फिरवली, तेच वाक्य म्हटलं आणि बोंब ठोकली. नाचणाऱ्या बारा पोरींनी ओठ चावून जमिनीकडे बघितलं. कॅमेऱ्याची घरघर बोलपटात येऊ नये म्हणून केलेल्या काचेच्या खोलीत कॅमेऱ्यामागे बसलेला माणूस तर खाली वाकला तो वर येईना.

गस मात्र खूश झाला. "असलं गाढव तुला भेटलं तरी कुठे?"

"पुष्कळांच्या हाताखाली काम केलंय, साहेब," होमर म्हणाला.

गसला वाटलं, पात्र अजून रंगवायला हवं. ताल मोजताना याने काहीतरी चावत राहावं, म्हणजे जास्त हास्यास्पद दिसेल. काय बरं द्यावं, असा विचार करत त्याने इकडेतिकडे पाहिलं. डॉक्टरांनी डोळ्यांसाठी खायला सांगितलेलं गाजर त्याच्याच हातात होतं, निम्मं खाल्लेलं. तेच त्याने होमरला देऊन टाकलं. त्या दिवशी वाद्यवृंदातल्या तुतारीवाल्याला हसू आवरायला चार वेळा बाहेर जाऊन यावं लागलं.

चित्रपट तयार झाल्यावर तो जवळच्या ग्लेन्डेल गावातल्या एका थिएटरात आधी लोकांना दाखवून बघायचं ठरलं. गस आपल्या आईला घेऊन आला. म्हातारीला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती बोलायची मोठ्याने. पडद्यावर होमरने गाजर चावत टोपी फिरवली आणि अंधारात तिचा आवाज खणखणला.

"गस, तू स्वतःच काम केलंस, हे बोलला नाहीस रे. पण किती वाळलास!"

अख्खं थिएटर हसलं. मागच्या रांगेतला होमर खुर्चीत घसरत घसरत जवळजवळ जमिनीला टेकला.

सकाळी बोलावणं आलं. नोकरी गेली असं धरून होमरने आपले नाचाचे बूट आधीच पिशवीत भरले होते. गस टेबलामागे बसला होता. रात्रभर डोळा लागला नसावा.

"मी खरंच असा आहे?"

होमरने खोटं बोलायचा विचार केला, पण जमेना. "थोडा जास्तच आहात, साहेब. मी आवरतं घेतलं."

गसने चित्रपटाचे कागद पुढे ओढले. मग म्हणाला, "शिडी पडते त्या प्रसंगात तू फार लवकर ओरडलास. मी आधी थांबतो. लोकांना वाटतं, राग गेला. तेव्हा ओरडतो. तो भाग परत घ्यायचा."

तो भाग दुपारपर्यंत चालला. गस स्वतः करून दाखवायचा, होमर नक्कल करायचा आणि गसने मुद्दाम बोलावलेली त्याची म्हातारी आई खुर्ची टाकून दोघांत कोण बरं ते ठरवायची. सहाव्या खेपेला तिने होमरला पसंत केलं. गस त्या दिवशी कुणाबरोबर जेवला नाही.

चित्रपट चांगला चालला. पुढचा आगीच्या बंबवाल्यांवर ठरला आणि त्यांच्या खडूस प्रमुखाचं काम पुन्हा होमरकडेच आलं. गसने त्याला बाजूला घेऊन विचारलं, या खेपेला नक्कल कुणाची करणार?

"अजून ठरवलं नाही, साहेब. बघतोय," होमर म्हणाला.

तो सबंध आठवडा स्टुडिओत सगळेच एकमेकांशी भलते गोड बोलत होते.