निमीला जागा होती की नव्हती?

मी टीव्ही बोलतोय. त्रेचाळीस इंची, एस्प्लनेडच्या दुकानातून पिवळ्या टॅक्सीत मंजुषाच्या मांडीला टेकून आलेला. 'यंत्राला काय कळतंय' असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आत्ताच उठून जावं. हे वाक्य मी सहा वर्षं ऐकलंय आणि आता मला त्याचा वीट आलाय.

मी आलो ते कोलकात्यातल्या बँकेच्या क्वार्टरमध्ये. घरात तिघंच. बँकेत अधिकारी असलेली मंजुषा, तिची मुलगी नूपुर आणि मंजुषाचे वडील चंद्रकांतराव. चंद्रकांतरावांची पस्तीस वर्षं खिदिरपूरच्या गोदीत गेली, कुठल्या जहाजात कुठला माल कसा बसवायचा हे ठरवण्यात. त्यांचा एकच हट्ट होता. रिमोटनं मला बंद केलं की ते उठून भिंतीवरचं बटणही बंद करायचे. "तो लाल दिवा फुकट वीज खातो," म्हणायचे. रोज हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं.

शनिवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरची अश्विनी यायची. ती सेक्टर फाइव्हमधल्या एका आयटी कंपनीत कामाला. मग सगळे मिळून 'सातवा तळ' ही परग्रहावरची मालिका बघायचे. बघणं तासाभराचं आणि वाद दोन तासांचा. त्यातही एकच सीन पुन्हा पुन्हा लावायचे. तळावरची हवा संपत येते, माणसांना न्यायला जहाज येतं, आणि कॅप्टन म्हणतो की यंत्राला जागा नाही. तेव्हा स्वयंपाकापासून औषधपाण्यापर्यंत सगळं सांभाळणारं यंत्र, निमी, म्हणतं, "तुम्ही व्हा पुढे. मी दिवा लावून ठेवते."

अश्विनी म्हणायची, "हे सगळं संगीताचं काम आहे गं. व्हायोलिन वाजवलं की कुणीही रडेल." नूपुर चिडायची, "तुला फील नाही होत तर तुझा प्रॉब्लेम आहे." आणि चंद्रकांतराव म्हणायचे, "यंत्राला काय कळतंय?"

लोकांना वाटतं, ते माझ्याकडे बघतात. अहो, मीही त्यांच्याकडे बघत असतो. कोण रडलं ते मला विचारा. बरोबर त्या सीनला चंद्रकांतरावांना दर वेळी तहान लागायची आणि ते स्वयंपाकघरात निघून जायचे.

मग मंजुषाची नाशिकला बदली झाली. तिथलं क्वार्टर लहान. जेवताना चंद्रकांतराव म्हणाले, "मी इथेच राहतो. जवळच बजबज गावात माझ्या मित्राकडे, विवेककडे, एक खोली रिकामी आहे. नाशिकला येऊन तुमची अडचण कशाला करू?" मंजुषा म्हणाली, "बघू." नूपुर ताट सोडून उठली. त्यानंतर तो विषय कुणीच काढला नाही, आणि न काढताच तो ठरून गेला.

शेवटच्या शनिवारी अश्विनीनं पैज लावली. "आज आवाज बंद करून बघू. संगीत काढल्यावर तुमच्या सीनमध्ये काय उरतं ते कळेल." नूपुरनं माझा आवाज बंद केला.

जहाज आलं. कॅप्टन बोलला, ऐकू काहीच आलं नाही. मग निमी पुढे आली, आणि खोलीत हळूच आवाज आला, "तुम्ही व्हा पुढे. मी दिवा लावून ठेवते." चंद्रकांतराव बोलत होते. त्या दिवशी त्यांना तहान लागली नव्हती. त्यांची नजर माझ्यावर होती आणि डोळे भरून आले होते.

"हरले मी," अश्विनी म्हणाली.

नूपुर मात्र जिंकल्यासारखी दिसत नव्हती. "मी दोन वर्षं चुकीच्या बाजूनं भांडले," ती म्हणाली. "कॅप्टन म्हणाला जागा नाही आणि सगळ्यांनी मान्य केलं. मोजली कुणी? निमीनं पण नाही मोजली. आणि आपण इथे बसून रडतो, किती छान त्याग म्हणून." मग ती आजोबांकडे वळली. "आख्खी लाइफ जहाजात माल बसवलात ना तुम्ही? मग तुमची एक कॉट नाशिकला बसत नाही हे न मोजता कसं ठरवलंत? आणि आई, तू बघू म्हणालीस. बघितलंस?"

मंजुषाचा चेहरा उतरला. "नाही बघितलं," ती म्हणाली. "बाबा स्वतःच म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. खरं तेच सांगते. लाज वाटतेय मला." आणि ती रडली, संगीताशिवाय.

चंद्रकांतरावांनी वर्तमानपत्र मागितलं. त्यावर त्यांनी बँकेच्या पत्रातल्या मापांवरून नाशिकच्या क्वार्टरचा नकाशा काढला आणि टेप घेऊन घरातली एकेक वस्तू मोजली. फ्रिज बसला, मंजुषाचं कपाट बसलं, नूपुरचं टेबल बसलं. कॉट बसेना. मग ती खिडकीजवळच्या भिंतीशी बसली, पण तिथे मी आणि माझं स्टँड जाणार होतो. चौघांनी वळून माझ्याकडे बघितलं. माझा आवाज अजून बंदच होता.

ठरलं. स्टँडसकट मला क्वार्टरमध्ये येणाऱ्या नव्या साहेबांसाठी ठेवून जायचं.

मला कुणी विचारलं नाही, हे खरं आहे. नूपुर निमीसाठी भांडली, माझ्यासाठी नाही. पण विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. हा त्याग वगैरे नाही. माझी कीव तर मुळीच करू नका. जागा मोजली गेली, आणि माणूस बसला. मला एवढं पुरेसं आहे.

काल ट्रक गेला. सगळे जिना उतरल्यावर चंद्रकांतराव एकटे परत वर आले. त्यांनी गॅस बघितला, पंख्यांची बटणं बंद केली, आणि शेवटी माझ्याजवळ आले. माझा लाल दिवा लागलेला होता. त्यांचा हात भिंतीवरच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो काढून घेतला.

"बरं तर," ते मला म्हणाले. "आम्ही होतो पुढे."

नवे साहेब एक तारखेला येतील. तोवर रिकाम्या घरात मी फुकट वीज खातोय, आणि खाणार. कुणी बंद करायला येऊ नका.