राखाडी माती

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आठवडा होतो न होतो तोच मातीकाका ऑफिसात हजर. डॉक्टरांनी पंधरा दिवस घरी बसा म्हणून बजावलं होतं, पण हा माणूस कोणाचं ऐकेल तर शपथ. कुठे नवी वसाहत उभी राहायची असली की आधी काका तिथली माती तपासणार आणि जमीन कोरडी की पाणथळ ते लिहून देणार. तीस वर्षं हेच काम. पाणथळ म्हटलं की तिथे भराव घालायला बंदी. काकांनी सही केली की कोणी चकार शब्द काढत नसे, आणि खरं सांगायचं तर काकांना ते फार आवडायचं.

टेबलावर एका सखल माळाच्या नमुन्यांची पेटी होती, चार महिन्यांपूर्वीची. फळीवर टाकण्याआधी काकांनी झाकण उघडलं आणि सवयीने एका खणातल्या ढेकळावर पाणी शिंपडलं, कारण मातीचा रंग ती ओली असतानाच वाचायचा असतो. ढेकूळ राखाडी होतं. काकांनी उजवा डोळा झाकून अजून मोतीबिंदू असलेल्या डाव्याने बघितलं, तर तपकिरी. डावा झाकला, तर राखाडी. शेजारच्या खणातलं तसंच, त्याच्या पलीकडचंही तसंच. वर्षानुवर्षं पाण्यात बसलेली माती राखाडी पडते, हे काकाच नव्या लोकांना शिकवायचे. म्हणजे माळ पाणथळ होता, आणि कागदावर काकांनी तो कोरडा लिहून दिला होता.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. हिवाळ्यातली कोरडी दुपार, वर पाण्याचा टिपूस नाही. गिरमिटाने गुडघाभर खोलवरची माती काढायची आणि रंगांच्या पुस्तकातल्या चौकोनांशी ताडून बघायची. दोन चौकोन शेजारीशेजारी, एक पाणथळीचा, एक कोरड्या जमिनीचा, आणि काकांना दोन्ही सारखेच दिसत होते. पण स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतली तर ते काका कसले? पुस्तकच उन्हाने विटलंय, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि अंदाजाने तपकिरी लिहिलं. बरोबर ओढे-नाले तपासणाऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, मला तर राखाडी वाटतंय. काकांनी सगळ्यांदेखत त्यांना फाडून खाल्लं. तुमच्या वयाइतकी वर्षं मी माती चिवडतोय, म्हणाले. बाईंनी मान खाली घालून सही केली.

त्या माळाच्या खालच्या अंगाला काकांच्या थोरल्या बहिणीचं घर. माळातून झिरपणाऱ्या पाण्यावर तिथला ओढा बारा महिने वाहायचा आणि ओढ्याच्या जिवावर चाळीस घरांच्या विहिरी. ताईने तेव्हा फोन करून विचारलंही होतं, भराव घातला तर आमच्या पाण्याचं काय. काका म्हणाले होते, माळ कोरडा आहे, मी स्वतः बघितलाय, तू उगाच घोर लावून घेऊ नकोस.

पेटी छातीशी धरून काका साहेबांकडे गेले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. माझं चुकलं, हे शब्द त्या तोंडातून ऑफिसने पहिल्यांदाच ऐकले. साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. पेटीतली माती पुरावा म्हणून चालत नाही, ते म्हणाले, जागेवरून ताजी काढून आणा, लगेच काम थांबवायचं पत्र देतो. काका गिरमिट घेऊन तसेच निघाले.

माळ ओळखूच येईना. दोन पुरुष उंच दगडमुरुमाचा भराव, त्यावर रोलर फिरत होता. काकांनी तरी गिरमिट लावलं. वीतभर उतरलं आणि दगडावर करकरलं. दुसऱ्या जागी तेच, दहाव्या जागीही तेच. मुकादम भला माणूस, त्याने पाणी आणून दिलं. शेवटचा कोपरा सकाळीच बुजवला, म्हणाला, कागद चोख होता, कुठे अडलंच नाही. काकांनी गिरमिटाचं टोक बघितलं, नुसती मुरुमाची पूड. माती खाली होती, ओली होती, राखाडी होती, आणि आता ती कोणालाच दिसणार नव्हती.

तिथून ते उतरून ताईकडे गेले. ओढ्यात नुसता तडकलेला चिखल होता. ताई पायरीवर बसली होती.

"ताई, माझं चुकलं," काका म्हणाले. "तो माळ ओला होता. मला दिसलाच नाही."

ताईने ओढ्याकडे पाहिलं.

"लोकांनी हरकतीचा अर्ज लिहिला होता," ती मग म्हणाली. "एकोणचाळीस घरांच्या सह्या झाल्या होत्या, माझी तेवढी राहिली होती. मी तो फाडून टाकला. म्हटलं, माझ्या भावाने तपासलंय, आता कसली हरकत घेता?"

 तेवढ्यात शेजारीण रिकामी बादली घेऊन अंगणात आली. काकांना पाहून तिचा चेहरा उजळला.

"हे तुमचे बंधू ना, ताई? देवासारखे आलात बघा. आमच्या विहिरी कशाने आटल्या, तेवढं तपासून द्या. तुम्ही सांगाल ते सगळे मानतील."

काकांनी ताईकडे पाहिलं. ताई उठली, आत गेली आणि तिने दाराला कडी घातली.