माझ्यातून गेलेला तो फोन

मित्रांनो, बेळगावच्या वडगावात एका विणकराच्या घरी, हातमागावरच्या फळीवर बसलेला मी एक जुना वायफाय राउटर आहे. सुताच्या धुळीने आता माझा मूळ रंगही ओळखू येत नाही.

कारखान्यातून खोक्यात बसून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. घरातल्या नातीची, सौम्याची, ऑनलाइन शाळा माझ्यावर चालली. विणलेल्या साड्यांचे फोटो माझ्यातूनच, सूत पुरवून साड्या विणून घेणाऱ्या पेढीवर जात. सौम्याची आजी सोनाबाई मला रोज फडक्याने पुसायच्या आणि म्हणायच्या, "लई गुणाचं हाय हे डबडं."

पासवर्ड त्यांच्या लक्षात राहत नसे, म्हणून त्यांनी तो खडूने दाराच्या चौकटीवर लिहिला होता. गल्लीतली पोरं बाहेरच्या कट्ट्यावर बसून तो वापरत. सून सुवर्णा धास्तावायची.

"आत्ती, पुसा ते. कोण परका येऊन आपल्या नेटवरनं काय करंल, आन् पोलीस आपल्या दारात येतील."

"परका कोण हाय गं हितं? सगळी आपलीच पोरं. पाणी मागितलं तर न्हाय म्हणतो काय आपण?"

त्या वर्षी मागावर नवा ताणा, म्हणजे साडीच्या उभ्या धाग्यांचा पट, चढला होता. सोनाबाईंचे नवरे, म्हातारे जोतिरामअण्णा, यांनी बोटांना राख लावून, जुन्या ताण्याच्या उरलेल्या टोकांना एकेक नवा धागा पिळून हजारो धागे सांधले होते. त्यानंतर आठच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. अण्णांच्या हातचा तो शेवटचा ताणा होता. सोनाबाई त्यावर जपून, हळूहळू विणत. संपूच नये असं त्यांना वाटत असावं.

एके दुपारी सुवर्णा कामावर गेली होती. कट्ट्यावर शेजारचा दिग्विजय दोन मित्रांबरोबर बसला होता. तोही विणकराचाच मुलगा. सूत पेढीचं असतं आणि पेढीवरून फोन आला की विणकर उलट प्रश्न विचारत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. गंमत म्हणून, आपला नंबर दिसू नये अशा बेताने त्याने इंटरनेटवरून फोन लावला आणि आवाज बदलला. तो फोन कट्ट्यावरून माझ्याकडे आला आणि माझ्यातूनच घरातल्या सोनाबाईंच्या मोबाईलवर वाजला.

"आक्का, पेढीवरनं बोलतोय. तुमच्या ताण्याचा रंग जातोय. आत्ताच्या आत्ता कापून ठेवा, माणूस न्यायला येतोय."

"अवो, ह्यांच्या हातचा हाय वो तो…"

"मालकांनी सांगितलंय. कापा."

खाटेवरचे अण्णा सगळं ऐकत होते. रंग पक्का आहे हे त्यांना माहीत होतं. ते डाव्या हाताने खाट बडवू लागले, घशातून नुसता आवाज काढू लागले. सोनाबाईंना वाटलं, त्यांना दुःख झालं. "उगी ऱ्हावा," असं म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि कात्री चालवली. धागे तुटताना बारीक आवाज होत होता. बाहेर दिग्विजय तोंड दाबून हसत होता. मित्रांनो, मी दिवे लुकलुकवत राहिलो. मला दुसरं काही येतच नाही.

माणूस आला नाही, म्हणून सोनाबाईंनीच पेढीवर फोन केला. मालक म्हणाले, "आक्का, आमी कुटं फोन केलाय?"

त्या खाली बसल्या. अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ते मागाकडे वळून पाहत नाहीत.

संध्याकाळी सुवर्णाने मोबाईल पाहिला, तो फोन इंटरनेटवरून आल्याचं तिला दिसलं, तिने चौकट पुसली आणि पासवर्ड बदलला. "म्हटलं न्हवतं मी? कुणीतरी परक्यानं केलंय हे." मला पुसणंही त्या दिवसापासून बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दिग्विजय दारात उभा राहिला. "काकू, नेट चालंना. पासवर्ड बदललासा काय?"

"व्हय रं बाबा. कोण तरी मुडद्यानं घात केला आमचा." सोनाबाईंनी डब्यातली चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. "तू लिवून घे. तू काय परका हाईस?"

त्याने मान खाली घातली आणि आकडे टिपून घेतले. कट्ट्यावर जाऊन त्याने फोन उघडला, आणि मी त्याला जोडून घेतलं.

मित्रांनो, कधीतरी कोणी तुमच्या शेजारी बसून म्हणेल, "चल, गंमत म्हणून कुणालातरी फोन लावू." तेव्हा माझी आठवण ठेवा. मला कोणालाच नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.