मावशींच्या रडण्यापुढचा माईक

मी एक माईक बोलतोय. आजवर नुसती थुंकी झेलली, आज तोंड उघडतोय.

मला हातात घेतलं की माणसं आधी टिचकी मारतात, मग फुंकतात. समोरच्याच्या तोंडावर फुंकून बोलायला सुरुवात करणारा दुसरा प्राणी मी पाहिलेला नाही.

वस्तीतल्या लोकांचे खटले लढवणाऱ्या संस्थेने मला आणलं आणि मी तिथल्या वकीलबाईंच्या हाती पडलो. घरं पाडलेल्यांचे जबाब त्या माझ्यावर नोंदवून घेत. शिवणकाम करणाऱ्या एक मावशी, मशीन ढिगाऱ्याखाली गेलं हे सांगताना हमसून हमसून रडल्या. वकीलबाईंनी मला बाजूला सारून आधी त्यांना पाणी दिलं. पुढे खटला जिंकला, मावशींना घर मिळालं. गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण संस्थेच्या अध्यक्षांना त्या रडण्याची चटक लागली. देणगीदार पाहुणे आले की मावशींना बोलावणं जाई.

"मशीनचं जरा सावकाश सांगा हं मावशी. मागच्या वेळी डोळे कोरडेच राहिले तुमचे."

"अहो, नवीन मशीन आलंय घरात. रोज रोज रडू आणू कुठून?"

तरी त्या आणत. पाहुणे रुमाल काढत, मग खायला बसत. मला मावशींपुढे धरणारा हात मात्र वकीलबाईंचा असे. अध्यक्षांच्या थुंकीपेक्षा त्या घामट हाताची मला जास्त किळस येई.

एकदा रडून झाल्यावर मावशींनी डोळे पुसले आणि वकीलबाईंना हळूच विचारलं, "आज बरं झालं ना गं?"

वकीलबाईंनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. जुना म्हणून मलाही सोबत नेऊ दिलं.

आता त्या घरी स्वतः रचलेल्या गोष्टी ध्वनिमुद्रित करतात. आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून. "एवढी वकिली शिकवली ती कपाटाशी बोलायला?" त्यांची आई विचारते. खरं तर सुरुवातीला कपाटाखेरीज फारसं कुणी ऐकतही नव्हतं.

मग वकीलबाईंनी मावशींचं जुनं रडणं शोधून काढलं आणि नव्या गोष्टीत बसवलं. अगदी चपखल बसलं. ऐकता ऐकता त्यांनी ते मध्येच बंद केलं. तसाच मावशींना फोन लावला.

"मावशी, तुमचं ते रडणं अजून माझ्याकडे आहे. पुसून टाकू?"

"पुस बाई. पण मग मी तुझ्या गोष्टीत नाहीच का? एका गिऱ्हाइकाची पँट मी उलटी शिवली होती, ते सांगू?"

मावशी आल्या. दोघी कपाटात डोकी घालून बसल्या. हसता हसता मावशींना ठसका लागला, तोही वकीलबाईंनी ठेवून दिला.

माझी जाळी आता चेपली आहे. एवढंच मागणं आहे, दुसऱ्याच्या तोंडापुढे मला धरण्याआधी त्याला विचारत जा.

सध्या वकीलबाईंची तान्ही लेक मला चघळते आहे. पुरता चिंब झालोय. ही लाळ मात्र मला चालते.